काहिलीकाठचा रेडिएटर

आमच्या गुऱ्हाळावर लोक गुळासाठी येतात, काकवीसाठी येतात, फुकटचा रस प्यायला तर येतातच. वाफेसाठी येणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. हिंदुराव आण्णा.

पहिल्यांदा आला तेव्हा अंगात स्वेटर, त्यावर रेनकोट आणि पायात पळायचे बूट. काहिलीत रस उकळत होता, वाफ छपराला भिडली होती. "वैनी, तुमी तुमचं काम करा," आण्णा म्हणाला, "मी हितं कडंला उभ्या उभ्या पळतो." आणि खरोखरच काहिलीशेजारी जागच्या जागी पळायला लागला.

गूळ शिजवणारा आमचा गुळव्या हातात झारा धरून बघतच राहिला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "मालकीण, हे पावणं काहिलीत पडलं तर गुळाचा रंग काळा येईल."

मुद्दा बरोबर होता. मी आण्णाला चार हात मागं सरकायला सांगितलं. तो सरकला, पण पळायचा थांबला नाही. पळत पळतच सरकला.

आण्णा आमच्याच गल्लीतला. सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली, त्यामुळं माणसाच्या शरीरात हाडामांसाचं काही असतं हे त्याला मान्य नाही. गुडघा दुखला की त्याच्या स्प्रिंगचा पाटा बसतो, खोकला आला की सायलेन्सर वाजतो. निवृत्तीनंतर रंकाळा तलावाभोवती चालायला लागला, चालता चालता पळायला लागला, आणि गेल्या वर्षी थेट खाली कोकणात, समुद्राकाठच्या बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत उतरला. शेवट जवळ आला असताना एका पुलाच्या तोंडाशी पडला. उचलून दवाखान्यात न्यावं लागलं.

"इंजिन टकाटक हुतं," तो सगळ्यांना सांगायचा. "रेडिएटरनं दगा दिला. आपली हवा कोरडी, तिकडची दमट. घाम येतोय, पण वाळत न्हाय. मग गाडी गार हुनार कशी?" यंदा तीच शर्यत पुरी करायची, असा त्यानं हट्ट धरला होता. तसली दमट हवा सबंध कोल्हापुरात त्याला एकाच ठिकाणी सापडली, आमच्या छपराखाली.

मग रोजचंच झालं. काहिलीखालच्या चुलवाणात उसाचं चिपाड पडलं की आण्णा हजर. पळायच्या आधी आणि नंतर तो आमच्या गुळाच्या काट्यावर उभा राहून घाम किती गेला ते बघायचा. एकदा जयसिंगपूरचा व्यापारी आला होता. आण्णा काट्यावर, अंगातून वाफा निघतायत. व्यापाऱ्यानं विचारलं, "ह्या ढेपंचा भाव काय?"

"इकायची न्हाय," काट्यावरनं उत्तर आलं. "पाक अजून कच्चा हाय."

तांबडा रस्सा त्यानं शर्यतीपर्यंत सोडला होता. हे ऐकून गल्लीतली म्हातारी माणसं त्याची तब्येत विचारायला घरी जाऊन आली. बाटलीत काकवी, लिंबू आणि मीठ. सकाळी गार वारं सुटलं की रंकाळ्यावरचे बाकीचे पळणारे खूश व्हायचे. आण्णा कपाळाला हात लावायचा. "हवा बिघडली वैनी. आजचा सराव बुडाला."

एक दिवस मी त्याला सरळ विचारलं, "आण्णा, पुरी नाही झाली शर्यत तर काय बिघडणार आहे? कोण विचारतंय?"

तो पळायचा थांबला. काहिलीजवळ तो थांबलेला मी पहिल्यांदाच बघितला. चष्मा वाफेनं पांढरा झालेला, त्यामुळं डोळे दिसत नव्हते.

"आमची ही गेलती बरूबर," तो म्हणाला. ही म्हणजे सुशीलाक्का, त्याची बायको. "शेवटाला टावेल घिऊन उभी हुती. मी पडलो ते तिला कुनी सांगितलंच न्हाय. सगळी आली, मांडव उतरला, तरी ही उभीच. तिला वाटलं, गेला ह्यो."

"मग?"

"मग काय? दवाखान्यात आली, टावेल दिला. एक शिवी न्हाय दिली वैनी. घरला आल्यावर बी न्हाय. तवापास्नं जेवान वाडती, च्या देती. पर बोलत न्हाय. मला भ्या वाटतंय."

सुशीलाक्काचा आवाज आमच्या गल्लीत भोंग्यासारखा वापरतात. ती गप्प आहे हे खरं तर आम्हा सगळ्यांच्याच लक्षात यायला हवं होतं.

"एकदा ती रेघ वलांडून तिच्यासमूर उभा ऱ्हायलो की मिटलं," आण्णा म्हणाला आणि पुन्हा पळायला लागला.

शर्यतवाल्यांनी पळणाऱ्यांना द्यायला आमच्याकडूनच गूळ मागवला होता. आण्णा आदल्या दिवशी एसटीनं एकटाच गेला. मी आक्काला विचारलं, तर म्हणाली, "मला काय दुसरी कामं न्हाईत व्हय?" पण त्या रात्री मी टेम्पो काढला तेव्हा ती पुढच्या सीटवर बसलेली होती. मांडीवर टॉवेल. "गुळाला राखण पायजे की," एवढंच बोलली.

कोकणात उतरल्यावर, शर्यतीच्या शेवटाच्या अलीकडं, आण्णा पडला होता त्या पुलापाशी तिनं टेम्पो थांबवायला लावला.

"आक्का, शेवट पुढं आहे."

"ठावं हाय," म्हणाली आणि उतरली.

मी पुढं जाऊन गूळ वाटत उभी राहिले. ऊन चढलं, अंगाला कपडे चिकटले. पळणारे येत होते, आण्णा येईना. वेळ संपली. रेघेवरच्या फुगवलेल्या कमानीतली हवा सोडली, कमान जमिनीवर निजली. मी टोपल्या गोळा करायला लागले आणि लांबून मला भोंगा ऐकू आला.

पुढं आक्का, हातवारे करत. मागं आण्णा, डोक्यावर टॉवेल, नीट चालत, चेहरा लग्नातल्या नवऱ्यासारखा.

"वैनी, रेडिएटर एकदम गार," त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं. "पुलापतोर पळतच आलतो. फुडं बी गेलो असतो. पर ही रस्त्यात आडवी झाली आन् सुरू झाली. वरीसभराच्या शिव्या, एकदम. माझ्या आईबापापास्नं." त्यानं डोक्यावरचा टॉवेल सारखा केला. "मधीच कसं पळायचं?"

रेघ पुसली गेली होती. मेडल मिळालं नाही. मी त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. आक्का ओरडली, "आदी पानी प्या, मग गूळ! अक्कल हाय का न्हाय?"

परत येताना मी टेम्पो चालवत होते, मधे आक्का, खिडकीशी आण्णा. घाट लागला तशी आक्का गप्प झाली. एक वळण गेलं, दुसरं गेलं. आण्णा चुळबुळायला लागला.

"का गं? गप का झालीस?"

"जरा दम धरा," आक्का म्हणाली. "काय काय बोलायचं ऱ्हायलंय ते आठवू द्या की."

आण्णानं खिडकीला डोकं टेकलं आणि घाट चढून व्हायच्या आत घोरायला लागला.