सहा जणांसाठी

टीव्हीवाल्यांनी मंदाताईंना बोलायला बोलावलं होतं आणि त्या कॅमेऱ्यासमोर गप्प उभ्या राहायच्या. पातेल्यातला रस्सा रटरटायला लागला, की डाव हातात तसाच, नजर वाफेत, आणि बाई कुठल्या कुठे! इकडे मुलुंडला आमचे हे दोनदा उठून अँटेना हलवून आले. त्यांना वाटलं, चित्र अडकलं. बऱ्याच वेळाने पडद्यावरच्या मंदाताई हसल्या आणि म्हणाल्या, "घाई कोणाला आहे?"

हे त्यांचं पालुपद. आमच्या शेजारच्याच घरात त्या एकट्या राहायच्या, आणि तिथे हेच मालवणीत चालायचं. गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन दारात घामाघूम उभा, आणि बाई कढीपत्त्याचा वास घेत खिडकीशी. "घाई कोणाक आसा?" अहो, त्याला आहे ना!

मूळच्या त्या ऑफिसात टायपिस्ट. त्यांच्या डब्यातली काळ्या वाटाण्याची उसळ एका साहेबांनी खाल्ली, आणि साहेबांचा मेहुणा निघाला साप्ताहिकाचा संपादक. झालं, मंदाताई लेखिका! पण लिहिणं कसं? "तेल : पातेल्याचा तळ झोपेतून जागा होईल इतकं." "कांदा : आई आठवेपर्यंत परतावा." संपादकाने कपाळाला हात लावला, पण बायकांची पत्रं यायला लागली तसा गप्प बसला. मग एक छोटं पुस्तक निघालं, आणि एक दिवस टीव्हीवाल्यांची गाडी आमच्या फाटकात येऊन थांबली. अख्खी बिल्डिंग गॅलरीत.

त्या सगळ्या धुक्यात आकडा एकच पक्का असायचा. प्रत्येक पाककृतीखाली, "सहा जणांसाठी." घरात माणूस एक आणि स्वयंपाक सहांचा! मग ताटल्या आमच्या दारात. "घे गो," म्हणायच्या आणि परत फिरायच्या. मी करवादायची, "मंदाताई, आम्ही दोघंच आहोत. ह्यांचं पोट बघा केवढं सुटलंय!"

पुढे टीव्हीवर नवीन साहेब आले. म्हणाले, "बाई, आता कुटुंबं चौकोनी झाली. चार जणांचं प्रमाण सांगा. जमत नसेल, तर पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या बाई बघतो."

मला वाटलं, त्यात काय एवढं? तिसरीतलं गणित! पण मंदाताई आठवडाभर सराव करत होत्या आणि रोज फसत होत्या. वाटीने मोजून चौघांचे तांदूळ घ्यायच्या आणि बोलता बोलता हात परत डब्यात जायचा, आणखी दोन मुठी. एकदा तांदूळ बरोबर चौघांचे पडले, पण मीठ पडलं सहांचं. आमचे हे रात्रभर पाणी पीत होते.

शेवटी माझं डोकं फिरलं. "अहो, सोडा ना ते सहा! हातचा कार्यक्रम जाईल. पार वाट लागेल!"

त्यांनी गॅस बंद केला. खिडकीतून मागच्या डोंगराकडे बघत राहिल्या.

"आई गेली तेव्हा माका बारावा वर्ष," त्या म्हणाल्या. "घरात बाबा, चार धाकटी भावंडां आणि मी. तेव्हापासून ह्या हाताक सहाच ठावक आसत."

बाबा गेले. भावंडांची लग्नं मंदाताईंनीच लावली, स्वतःचं राहून गेलं. आता प्रत्येकाचं घर वेगळं. दोन वर्षांत त्यांच्याकडे कोणी फिरकलं नव्हतं.

"चौघांचा करूचा तर दोघांका वगळूचा लागतला," त्या म्हणाल्या. "खंयच्या दोघांका उपाशी ठेवू, तूच सांग."

माझ्यासारख्या तोंडाळ बाईचेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

शूटिंग आधीच झालं होतं, महिनाअखेरीस कार्यक्रम लागला. पदार्थ खापरोळ्या, म्हणजे जाड, जाळीदार घावन गुळाच्या नारळरसात बुडवलेले. बिल्डिंगमधल्या बायका आमच्याकडे जमल्या. मंदाताई आल्या नाहीत, त्या कधीच यायच्या नाहीत. कार्यक्रम चालू असताना त्या घरी तोच पदार्थ करायच्या आणि संपला की ताटल्या घेऊन यायच्या.

"हे प्रमाण चार जणांसाठी," पडद्यावर त्या म्हणाल्या. मी टाळ्याच वाजवल्या. मग बाई गप्प. नजर रसात. हे अँटेनाकडे निघाले, मी त्यांना हात धरून खाली बसवलं.

"आणि कोणी येणार असेल..." मंदाताई हळूच म्हणाल्या, "नसेलही... तरी दोन मुठी तांदूळ जास्त भिजवा."

कार्यक्रम संपला, बायका गेल्या. अर्धा तास झाला तरी दारात ताटली येईना. मी मांडणीवरून दोन ताटल्या काढल्या, एक ह्यांच्या हातात दिली.

"अगं, त्यांनी बोलावलं कुठेय?"

"चला म्हणते ना!"

दार नुसतं लोटलेलं होतं. आत गुळाचा, वेलचीचा वास कोंडलेला. जमिनीवर चार ताटल्या ओळीने मांडलेल्या, आणि मंदाताई रसाचं पातेलं पुढ्यात घेऊन त्यांच्याकडे बघत बसलेल्या.

"मंदाताई, दोन मुठी जास्त भिजवलेत ना? भूक लागलीय आम्हाला."

आमच्या ताटल्या मी त्या चारांच्या शेजारी ठेवल्या आणि आम्ही दोघं खाली बसलो. मंदाताई एकेका ताटलीवर बोट ठेवत गेल्या, ओठांतल्या ओठांत मोजत. शेवटच्या ताटलीवर बोट थांबलं. त्यांनी पदराने डोळे पुसले.

मला कुठला धीर! "वाढा की आता!"

"घाई कोणाक आसा गो?" त्या म्हणाल्या, आणि जन्मात पहिल्यांदा घाईघाईने वाढायला लागल्या.