शुक्रवारी बंद पडणारा फॅन

गाडीच्या एसीचा फॅन खंडेराव गेटाशी बंद पडला आणि नीलकंठरावांना आनंद झाला. मे महिना, डोक्यावर झाशीचं ऊन, आणि हा गृहस्थ हसतोय! शेजारी बसलेल्या दुर्गाबाईंनी घाईघाईनं नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाही गं मला! आज चोर रंगेहाथ सापडला. आता थेट लल्लन मिस्त्रीकडे!"

"अहो, आधी माझं ऐका तरी."

"नंतर, नंतर. परत चालू झाला तर?"

दुर्गाबाईंना सांगायचं होतं एवढंच, की मला पुण्याला जायचं नाही. गेल्या रविवारी मुलीचा, नीरजाचा फोन आला होता. "आता तुम्ही दोघं कायमचे इकडेच या," ती म्हणाली आणि नीलकंठराव "हो" म्हणून मोकळे झाले. दुर्गाबाईही काहीतरी म्हणाल्या होत्या. पण घरात कुलरची घरघर, आणि रेल्वेच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं ठोकाठोक ऐकून नीलकंठरावांचा डावा कान गेलेला. बायको खूश आहे असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. नवरे असं ठरवतात. लगेच गाडीला गिऱ्हाईकही पाहिलं. छावणीतले एक कॅप्टन येत्या रविवारी येणार होते. त्यांची अट एकच, एसी चालला पाहिजे.

आणि फॅन तर लहरी. दर शुक्रवारी ही दोघं लक्ष्मी तालावर महालक्ष्मीच्या दर्शनाला निघाली की तो बंद पडायचा, परतताना आपोआप चालू व्हायचा. दुर्गाबाईंची मुळीच तक्रार नव्हती. फॅन बंद म्हणजे काचा खाली, आणि आठवड्यातून तेवढीच वीस मिनिटं नवऱ्याला त्यांचं बोलणं ऐकू यायचं. आज पुण्याचं सांगायचंच असं ठरवून त्या बसल्या होत्या, तर गाडी गॅरेजकडे वळलेली.

या आठवड्यात नीलकंठराव तीनदा एकटेच गॅरेजात जाऊन आले होते. तिन्ही वेळा फॅन गुणी मुलासारखा चालला. बिघाड काही सापडेना, तेव्हा शेवटी लल्लन मिस्त्री वैतागला होता, "कक्का, इते तो कछू नइयाँ! जब बंद हो, तभी लाना."

"लो, बंद है!" नीलकंठराव आज विजयी मुद्रेनं म्हणाले.

लल्लननं बटण फिरवलं. फॅन खरंच बंद. त्यानं दुर्गाबाईंच्या पुढ्यातला डॅशबोर्डचा खण उघडला. आत ओटीचा नारळ होता, चांगला मोठा, शेंडीसकट कोंबून बसवलेला.

"चाची, यह यहाँ क्यों?"

"देवीचा आहे तो! पायाशी कसा ठेवायचा? आणि आधी हात पुसा, भैया!"

लल्लननं हात पुसले आणि नारळ बाहेर ओढला. फॅन भर्रर्र सुरू झाला. नारळ आत, फॅन बंद. नारळ बाहेर, फॅन चालू. शेजारच्या स्कूटरवाल्यानंही एकदा करून पाहिलं. खणाच्या मागेच फॅनची तार होती, तिची पिन ढिली झालेली, आणि नारळाच्या दाबानं ती सुटत होती. दोन महिने नीलकंठराव फॅनला शिव्या घालत होते आणि फॅन बिचारा निर्दोष होता.

"पिन बदलायची तर सगळा डॅशबोर्ड खोलावा लागेल," असं लल्लननं आपल्या बोलीत सांगितलं आणि उपायही दिला, "चाची, नारियल गोद में रखो, बस."

नारळ मांडीवर घेऊन दुर्गाबाई निघाल्या. काचा वर, फॅन चारवर.

"अहो, मला पुण्याला..."

"काय?"

"मी म्हणते, मला..."

"काय म्हणतेस?"

"काही नाही."

हे "काही नाही" मात्र नीलकंठरावांना स्वच्छ ऐकू आलं. तलाव दिसू लागला होता. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती नारळाची शेंडी उगाच कुरवाळत होती आणि तिचे डोळे भरले होते. गाडी कडेला घेऊन त्यांनी फॅनचं बटण बंद केलं.

"बोल आता."

"मला पुण्याला जायचं नाही. मी इथेच बरी आहे. नीरजाकडे चार दिवस जाऊ, येऊ. पण कायमचं नको."

नीलकंठराव तिच्याकडे वळले.

"अगं, मला तरी कुठे जायचंय? मला वाटलं, तुला लेकीजवळ राहायचंय."

"मग विचारायचं नाही?"

"विचारलं असतं. पण कुलर..." वाक्य पुरं करायची त्यांनाच लाज वाटली.

खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी बायकोच्या मांडीवरचा नारळ उचलला, खणात नीट दाबून बसवला आणि बटण चालू केलं. फॅन हलला नाही. मग त्यांनी खिशातून फोन काढला.

"कॅप्टन साहब, माफ कीजिएगा. फैन फिर बंद है। हाँ जी, अभी मेरे सामने बंद है। इस गाड़ी का कोई भरोसा नहीं।"

पलीकडून काहीतरी बोलणं झालं. नीलकंठरावांचा चेहरा पडला.

"काय म्हणाले?"

"म्हणतात, कोई बात नहीं, रविवारी एकदा बघून तरी जातो."

दुर्गाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि काच खाली केली.

"मग परतताना नारळाच्या दुकानापाशी थांबा," त्या म्हणाल्या. "हा देवीला जाईल. रविवारसाठी दुसरा घेऊ, याच्याहून मोठा."