घोडा परत येतो

चष्मेवाल्याच्या संसारात भांडणाला एकच कायमचा विषय होता, आणि तो म्हणजे घोडा.

घोडा खराखुरा नव्हता. 'ज्वालाद्वीपचा राजपुत्र' नावाच्या जुन्या सिनेमातला, पुठ्ठ्याचे पंख लावलेला होता. चष्मेवाल्याचं म्हणणं, घोडा मरतो आणि अगदी शेवटी परत येतो. बायकोचं म्हणणं, मरतो तो मरतोच. दोघांनीही सिनेमा लहानपणी पाहिला होता, पण वेगवेगळ्या गावांत. लग्नाआधीच्या पहिल्याच भेटीत हा विषय निघाला आणि तेव्हापासून कुणीही माघार घेतली नव्हती.

"अहो, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"तुझ्या डोळ्यांचा नंबर मीच काढलाय दुकानात," चष्मेवाला म्हणायचा, आणि तो दिवस फुकट जायचा.

खरं तर प्रश्न घोड्याचा नव्हताच. चष्मेवाल्याचे वडील, अण्णा, त्यांच्या गावातल्या थिएटरात ऑपरेटर होते. वर केबिनमध्ये अण्णा मशीन चालवायचे आणि खाली पहिल्या रांगेत हा बसायचा. शेवटी घोडा आगीच्या तळ्यावरून उडत यायचा, थिएटर शिट्ट्यांनी दणाणायचं, आणि हा मागे वळून वर बघायचा. केबिनच्या चौकोनी झरोक्यातून अण्णांचा हात हललेला दिसायचा. आता अण्णा नव्हते. थिएटरच्या जागी सोफासेटचं दुकान झालं होतं. घोडाही परत येत नसेल, तर त्या हाताचं काय करायचं हे त्याला कळत नव्हतं. अण्णांची फार आठवण आली की तो हाच प्रसंग मनात लावून बसायचा.

म्हणून सिनेमाची डिस्क हाती लागताच त्याने रविवारी दुपारी खेळ लावला. भिंतीवर चादर, खिडक्यांना पडदे आणि उसना प्रोजेक्टर. त्याचा प्लग ढिला होता. तो निसटू नये म्हणून आईला बोर्डाशेजारी खुर्ची दिली आणि प्लग चपलेने दाबून धरायचं काम दिलं. साक्षीदार म्हणून बालमित्र जाड्या आला. लहानपणीचं बाळसं जाऊन तो आता काटकुळा झाला होता, पण नाव काही त्याला सोडून गेलं नव्हतं.

बायकोने अट घातली. "ज्याचं खोटं ठरेल त्यानं सगळ्यांसमोर 'माझं चुकलं' म्हणायचं."

लग्न झाल्यापासून हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं, त्यामुळे ते ऐकायला कसं वाटतं याची सगळ्यांनाच उत्सुकता होती.

"चिमणे, घोडा मेला की रडायचं नाही हं," त्याने मुलीला बजावलं. "परत येतो तो. बाबाचा शब्द!"

सिनेमा सुरू झाला. राजपुत्र भिंतीला टेकला की किल्ला हलत होता. महाभयंकर सरड्याच्या पोटाखाली दोन माणसांचे कॅनव्हासचे बूट स्पष्ट दिसत होते. चष्मेवाल्याला मात्र सगळं जिथल्या तिथे सापडत होतं आणि ऊर भरून येत होता. आणि मध्यंतराच्या बराच आधी घोडा मुकुट घातलेल्या राजपुत्राला पाठीवर घेऊन आगीच्या तळ्यावरून उडाला.

"अरे," जाड्या कुजबुजला, "हा तर शेवटचा सीन. आत्ताच कसा आला?"

"झलक असेल. तू गप बस."

पुढे राजपुत्राचा मुकुट दरीत पडला. मग चेटकिणीचा बाण लागून घोडा मेला. चिमणी शहाण्यासारखी गप्प राहिली. बाबाचा शब्द होता. राजपुत्राने चेटकिणीला मारलं, उघड्या डोक्याने आणि पायी चालत तो डोंगराआड गेला. पडद्यावर 'समाप्त' आलं.

चिमणीने भोकाड पसरलं. "बाबा! तुम्ही म्हणालात येतो!"

"डिस्क खोटी आहे! कापलाय सिनेमा!" चष्मेवाला ओरडला.

"सगळं खोटं, तुमचा घोडा तेवढा खरा," बायको म्हणाली. "जाड्याभावजी, तुम्ही तरी खरं बोला."

"वहिनी, शप्पथ घोडा आला होता! मुकुटसुद्धा होता राजपुत्राच्या डोक्यावर. दरीत पडलेला मुकुट घोड्यानंच आणला, असं आमचं ठरलं होतं."

"पुरे झालं," बोर्डाजवळून आई म्हणाली. प्लगवरची चप्पल तिने हलवली नव्हती. "नव्हताच येत घोडा. तुझे अण्णा आणायचे त्याला."

सगळे तिच्याकडे वळले.

"पहिल्या खेळाला तू एवढा रडलास, दोन दिवस नीट जेवला नाहीस. मग 'समाप्त' यायच्या आत तुझे अण्णा मशीन थांबवायचे आणि घोडा उडतो ते आधीचं रीळ पुन्हा चढवायचे. पब्लिक खूश, पण खेळ लांबायचा. मालकानं दम दिला तर म्हणाले, 'नोकरी घ्या, घोडा मरू देणार नाही.' मला म्हणाले, 'पोराला सांगू नकोस.' मग नाही सांगितलं."

चष्मेवाला चादरीकडे बघत राहिला. जन्मभर त्याने लोकांची नजर तपासली, आणि मुकुट परत कसा आला हा साधा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. त्याला हसू आलं आणि डोळेही भरले. तेवढ्यात चिमणीचा हुंदका ऐकू आला.

त्याने रिमोट उचलला.

"कोण म्हणतं संपला? थांब जरा."

चित्र भराभर मागे धावलं. चेटकीण उठून बसली, मुकुट दरीतून वर आला. मग आगीच्या तळ्यापलीकडून पुठ्ठ्याचे पंख फडफडवत, दोऱ्या दाखवत घोडा उडत आला. चिमणी टुणकन उठून उभी राहिली. जाड्याने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली.

"बाबा, मुकुट कुठून आला?"

"घोड्यानं आणला," दोन्ही मित्र एकदमच म्हणाले.

जुन्या सवयीने चष्मेवाल्याने मागे वळून वर बघितलं. वर नुसतं छत होतं. खाली आई पायाने प्लग दाबून बसली होती, आणि तिने हळूच हात हलवला.

आता 'माझं चुकलं' म्हणायची पाळी त्याची होती. त्याने घसा खाकरला, पण बायकोनेच त्याच्या हातातला रिमोट काढून घेतला.

"आला की हो परत," पडद्यावरची नजर न हलवता ती म्हणाली. "माझं चुकलं."