गाडीचा बस्ता

अनोळखी माणसाने हाताला कोथिंबिरीची प्लॅस्टिकची पिशवी चढवून, डोळे मिटून, आपल्या गाडीवरून हात फिरवावा, असा प्रसंग तुमच्यावर कधी आलाय का? माझ्यावर आला. सांगलीहून जुनीच, पण माझ्या लेखी नवीकोरी गाडी घेऊन मी कोरेगावातल्या भाड्याच्या घरासमोर उतरलो होतो. बायको ओवाळायला भाकरतुकडा आणायला आत गेली होती. तेवढ्यात शेजारच्या फाटकातून पायजमा-टोपीतले एक गृहस्थ आले. ना नाव, ना रामराम. खिशातून पिशवी काढली, हातात घातली आणि माझ्या बॉनेटवर पंजा ठेवून ते समाधी लागल्यासारखे उभे राहिले.

"साहेब," डोळे न उघडताच ते म्हणाले, "हे जाजम हाय."

"काय?"

"गाडी न्हवं, जाजम. हाताला टोचतंय. नुसत्या हातानं कळत न्हाई, पिशवी घातली की बारीक खरखरबी बोटाला लागती. घालून बघा."

मी घालून बघितलं आणि हादरलो. वरून लखलखणारी माझी गाडी आतून रव्याच्या लाडवासारखी लागत होती. भाकरतुकडा घेऊन आलेल्या बायकोने हातात पिशवी घातलेले दोन पुरुष बघितले आणि ती तशीच परत आत गेली.

हे आमचे तात्या. उभा जन्म कोरेगावच्या बाजारपेठेत कापडाच्या दुकानात गेला. लुगडी, धोतरं, लग्नाचे बस्ते. आता दुकान बंद आहे, मुलगा पुण्याला आहे, आणि घरात तात्या नि काकी दोघंच. काकींची नजर काचबिंदूने गेली आहे. त्या दिवसभर कट्ट्यावर बसून घेवडा निवडत असतात. किडका दाणा त्यांच्या बोटांतून सुटून गेलेला मी अजून पाहिलेला नाही. आणि मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते तात्यांची छोटी गाडी. ती फारशी कुठे जात नाही. तिला फक्त आंघोळ घालतात.

त्या गाडीबद्दल तात्यांचं एकच वाक्य सगळ्या गल्लीला पाठ आहे: "हात न्हाई!" काकींना तपासायला आलेले डॉक्टर एकदा बोलता बोलता गाडीला टेकले. तात्यांनी त्यांना आधी दंडाला धरून बाजूला केलं, मग त्यांच्या पट्ट्याचं बक्कल बघितलं, मग गाडीचं दार बघितलं, आणि त्यानंतर काकींचं दुखणं सांगितलं. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात वरातीला गाडी मागितली, तर "फुलं लावा, चिकटपट्टी न्हाई" म्हणाले. चिकटपट्टीशिवाय फुलं राहीनात, तेव्हा नवरदेव रिक्षातून गेला. गल्लीतल्या एका मांजरीला उन्हात तापलेल्या बॉनेटवर झोपायची सवय होती. तात्यांनी तिला हाकललं नाही. तिच्यासाठी शेजारी तसाच पत्रा तिरका बसवून दिला. आता ती पत्र्यावर झोपते आणि तात्या तिला "शाणी हाय" म्हणतात.

मला हे सगळं ऐकून गंमत वाटायची. गंमत वाटेनाशी झाली ती एका शनिवारी. मी दर रविवारी पहाटेच सांगलीला आईकडे जातो, म्हणून आदल्या दिवशी गाडी धूत होतो. एक बादली, कपडे धुवायची पावडर आणि माझा जुना बनियन. मला वाटतं निम्मा महाराष्ट्र गाडी अशीच धुतो. मी बनियन पिळला आणि पलीकडून कुणीतरी खून पडल्यासारखं ओरडलं.

"थांबाऽऽ!"

तात्या अनवाणी पळत आले. त्यांनी बादली उचलली आणि सरळ गटारात रिकामी केली. माझ्या देखत, माझी बादली!

"आवं साहेब, ही कपड्याची पावडर. मळ काढती तसं गाडीवरचं समदं मेण काढती. जन्मभर गिऱ्हाइकाला सांगत आलो, रंगीत लुगडं पावडरीत भिजवू नका. आता गाडीसाठीबी सांगायचं का? आन त्यो बनियन! जमिनीवर पडला हुता की मगा. त्याला खडा लागला, त्योच तुमी दारावर घासला. हे बघा."

दारावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे होते. ते माझ्याच हातचे होते.

"चला," तात्या म्हणाले, "साताऱ्याला जाऊ. हिचा बस्ता बांधू. दसरा तोंडावर हाय, परीक्षा हाय."

"कसली परीक्षा?"

"हाय एक. मी दर टायमाला भितो," एवढंच ते म्हणाले. तात्या कुणाला भितात हे ऐकूनच मला धक्का बसला होता, पण त्यापुढे त्यांनी तोंड उघडलं नाही.

साताऱ्यातल्या त्या दुकानात शिरल्यावर माझे डोळे फिरले. भिंतभर बाटल्या. टायरची वेगळी, काचेची वेगळी, डॅशबोर्डची वेगळी, आणि प्रत्येकीवर आरशासारख्या गाडीचं चित्र. माणसाला आयुष्यभर एक साबण पुरतो, आणि हिला एवढं? नवशिक्या गिऱ्हाइकाचा वास लागल्यासारखा दुकानदार पुढे झाला आणि त्याने एक भलीमोठी पेटी काउंटरवर ठेवली.

"काका, यात सगळं आलं. अशी चमक येईल, तोंड बघून घ्या."

"तोंड बघाय घरात आरसा हाय रं," तात्या म्हणाले. "चमक कोण बघतंय? कापड दाव."

मी चमकलो. गाडीच्या सामानाच्या दुकानात येऊन चमक कोण बघतंय म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

पुढचा तासभर दुकानदाराच्या आयुष्यातून गेला. मायक्रोफायबरचा रुमाल तात्यांनी आधी उजेडाला धरला. मग गालावर घासला. मग काठ ओढून बघितला. "काठाची शिलाई जाड हाय, ह्योच ओरखडा पाडतोय. दुसरं." दुसरा दाखवला. "वरचा नगं, गठ्ठ्यातला खालचा काढ." खालचा काढला. "ह्यात सूत कुठं हाय? नुसता फुगलाय." काउंटरवर रुमालांचा ढीग पडला. लग्नाच्या बस्त्याला मुलीच्या आत्याने नाकं मुरडावीत तसे तात्या एकेक रुमाल बाजूला सारत होते, आणि दुकानदार बिचारा घाम पुसत होता. त्याने घाम एका नापास रुमालाने पुसला, तेव्हा तात्या म्हणाले, "हां, त्यो त्याच कामाचा हाय."

शेवटी जे निघालं ते एका पिशवीत मावलं. गाडीचा शाम्पू. मऊ हातमोजा. पुसायला दोन जाड टॉवेल, बिनकाठाचे, लेबल कापलेले. मेणाची डबी. "बादल्या घरच्या. दोन. एकीत साबण, दुसरीत हातमोजा खंगाळायचा. मळकं पाणी परत अंगाला न्हाई." पॉलिशच्या बाटलीकडे मी हात नेला तर त्यांनी मनगट धरलं. "पॉलिश म्हंजे रंग खरवडणं. नवशिक्याचं काम न्हाई. चुकलं तर रंग परत येत न्हाई." आणि मग त्यांनी मागितली माती.

"माती?" मी ओरडलोच. "तात्या, कोरेगावात मातीला काय तोटा आहे? पिशवी भरून आणू की रानातून!"

"रानातली माती लावून बघा, मग रडत या माझ्याकडं." दुकानदाराने दिलेला गोळा खव्यासारखा मऊ होता. साबणाच्या पाण्यावरून हलक्या हाताने फिरवला की रंगात रुतून बसलेली घाण तो ओढून घेतो म्हणे. मातीला पैसे मोजून मी बाहेर पडलो, ही गोष्ट सांगलीच्या माझ्या आईला अजून सांगितलेली नाही.

घरी आल्यावर बायकोने चहा दिला. स्टीलचे पेले, वर उकळता चहा. मी चटका बसला म्हणून पेला खाली ठेवला. तात्या मात्र तो दोन्ही तळव्यांत धरून निवांत बसले होते. मी दचकून म्हणालो, "तात्या, भाजेल!" त्यांनी पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि पेला घाईने खाली ठेवला. "सवय हाय," म्हणाले.

मग माझी परेड सुरू झाली. आधी अंगठी काढा. घड्याळ काढा. पट्टा काढा. पँट माझ्या कमरेवर राहीना, म्हणून मी एका हाताने ती धरली आणि दुसऱ्या हाताने गाडी धुतली. गल्लीतल्या बायका खिडकीत आल्या. "गोल न्हाई, साहेब, सरळ! इस्त्री गोल मारता का कवा?" वरून खाली, सावलीत, आणि बोअरचं पाणी अंगावर वाळू द्यायचं नाही, नाहीतर पांढरे डाग पडतात. माती फिरवून झाल्यावर त्यांनी पिशवी माझ्या हातात चढवली. मी बॉनेटवर पंजा ठेवला, आणि तो जो घसरला तो थेट हेडलाइटवर. मला खरंच गहिवरून आलं. वयाच्या चाळिशीत पत्र्याला हात लावून गहिवर येतो, हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला हसलो असतो. पँट पडली ती त्याच क्षणी.

दसऱ्याला एकच दिवस सुट्टी होती, म्हणून मी सांगलीला गेलो नाही. सकाळी गाडीला झेंडूची माळ घातली आणि तात्यांना सगळ्यांच्या आधी सोनं द्यावं म्हणून आपट्याची पानं घेऊन त्यांच्या मागच्या अंगणात शिरलो. आणि जागच्या जागी थिजलो.

काकी गाडीजवळ उभ्या होत्या. दोन्ही हात गाडीवर. मनगटं भरून हिरव्या काचेच्या बांगड्या, आणि त्या बांगड्या रंगावर खुशाल घासत होत्या. मला तो आवाज स्पष्ट ऐकू येत होता. आता तात्या ओरडणार, मी मनात म्हटलं. पण तात्या गाडीच्या पलीकडे छातीशी टॉवेल धरून उभे होते. शाळेच्या निकालाला उभा राहिलेला पोरगा असतो तसा त्यांचा चेहरा होता.

काकींचा हात बॉनेटवरून काचेच्या कडेला, तिथून छतावर, तिथून दारावर उतरला. सावकाश. मध्येच थांबला.

"आवं, हितं जरा खरखरतंय."

"राहिलं असंल गं."

"बाकी रेशीम हाय." आणि काकी हसल्या. इतक्या दिवसांत त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

मला बघून तात्या फाटकाशी आले. मी हळूच म्हणालो, "तात्या, बांगड्या..."

"काढतो की मागनं ओरखडे. मला कुठं दुसरं काम हाय?" ते म्हणाले. मग स्वतःच बोलले. "दुकानात माल आला की ती हात फिरवायची. तिनं हां म्हटलं तरच मी गठ्ठा घ्यायचो. नजर गेली, तवा हात लावणंच सोडलं तिनं. म्हणायची, मला आता काय कळतंय. जेवायची न्हाई, बोलायची न्हाई. एकदा गाडी धुतली, आन तोल गेला म्हणून तिनं दाराला हात टेकला. म्हणाली, रेशीम हाय जणू. तवापासनं दर रविवारी आन सणासुदीला न्हाऊन, बांगड्या घालून येती. म्हणून दुसऱ्या कुणाचा हात न्हाई."

डॉक्टरांचं बक्कल, रिक्षातला नवरदेव, मांजरीचा पत्रा, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं.

तेवढ्यात काकींनी हाक मारली. "साहेबांची बी आणा की गाडी. बघू."

मी गाडी आणली. खरं सांगतो, नोकरीच्या मुलाखतीलाही मी एवढा घाबरलो नव्हतो. बायको शेजारी उभी होती. बांगड्यांचा पहिला आवाज झाला तशी तिने "अगंबाई" म्हणायला तोंड उघडलं. मी तिचा हात दाबला. काकींनी झेंडूची माळ अलगद बाजूला केली, हात शेवटपर्यंत नेला.

"सुती हाय," त्या म्हणाल्या. "पण चांगल्या सुताची. धुवून धुवून मऊ पडंल."

बायको काकींना धरून घरात घेऊन गेली. तात्या मात्र शेडमध्येच घुटमळत राहिले. मग त्यांनी खिशातून ती पिशवी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"साहेब, शुगरनं बोटं बधिर झाल्याती. आधी पिशवी घातली की कळायचं, आता तसंबी कळंना. ती म्हणती हितं खरखरतंय, आन मला समदं गुळगुळीतच लागतंय. तिला कळू द्यायचं न्हाई. कळलं तर ती हात लावणं सोडंल." ते जमिनीकडे बघत होते. "तुमचा हात चांगला हाय. रविवारी जरा उशिरा निघाल का सांगलीला?"

मी अंगठी काढून खिशात टाकली आणि हात पुढे केला.

"घड्याळ," तात्या म्हणाले.

मी घड्याळही काढलं. पिशवी चढवली, डोळे मिटले आणि तात्यांच्या गाडीच्या दारावर काकींचा हात जिथे थांबला होता तिथे माझा पंजा ठेवला. बराच वेळ काहीच लागलं नाही. मग बोटाखाली एक बारीकसा कण आला.

"हाय?" तात्यांनी विचारलं.

"आहे, तात्या. अगदी बारीक."

"तिचा हात कवा चुकायचा न्हाई," ते म्हणाले आणि मातीचा गोळा त्यांनी माझ्या हातात दिला.