गुंजाळ सरांचे सहा खांब

आमच्या स्टाफरूममधली साखर कोणी संपवली, हे विचारावं लागत नाही. चहाच्या टेबलावर भिंतीला आलेख लावलेला असतो. निळे खांब म्हणजे दिवसाला किती कप झाले, लाल रेष म्हणजे डब्यात किती चमचे साखर उरली. ज्या दिवशी खांब बुटका असूनही रेष धाडकन खाली आलेली असते, तिथे बारीक अक्षरात माझं नाव असतं. हा उद्योग गुंजाळ सरांचा.

ओतूरच्या आमच्या शाळेत सर गणित शिकवतात, मी मराठी. सर पन्नाशी ओलांडलेले, लग्न राहून गेलेलं, स्टँडच्या मागे एका खोलीत राहतात. काळजी करणं हा त्यांचा पिंडच. सकाळी मी मस्टरवर सही करायला वाकले की हळूच विचारतात, "मॅडम, गॅस बंद करून आलात ना?" त्यापायी मी दोनदा घरी परत गेले आहे. दोन्ही वेळा गॅस बंद होता.

नुसत्या खांबांनी त्यांचं भागत नाही, नुसत्या रेषेनंही नाही. एकाच चौकटीत दोन्ही हवेत. आणि त्यातही त्यांचा जीव उजवीकडच्या दुसऱ्या अक्षावर. "हजाराशेजारी पाच ठेवले की पाच मरतात, मॅडम. बारक्याला त्याचा अक्ष द्या. मग बघा कसा उठून उभा राहतो." हे त्यांनी मला, शिपायाला आणि एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनाही समजावलंय. खांबांमध्ये किती जागा सोडायची यावर त्यांचा अर्धा तास जातो. जास्त झाली तर म्हणे खांब एकमेकांवर रुसल्यासारखे दिसतात. पालकसभेत एका बापाला त्यांनी पोराच्या गुणांचे खांब आणि गैरहजेरीची रेष दाखवली. तो बिचारा बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, पोरगं पास हाय का, तेवढं सांगा."

दिवाळीची सुट्टी संपली आणि सरांचं चहावरचं लक्ष उडालं. साखरेचा आलेख अर्धवट राहिला, मी सुखावले. शाळा पाचला सुटली की सर वही आणि छत्री घेऊन साडेपाचच्या एसटीत चढायला लागले. ती गाडी थोरल्या मळ्याच्या फाट्यावरून पुढच्या गावी मुक्कामाला जाते. सरांची खोली इथे, नातेवाईक तिकडे कोणी नाहीत, मग हे रोज जातात कुठे? स्टाफरूममध्ये तर्क लढले. "सोयरीक बघताहेत बहुतेक," असं मी म्हणाले आणि सगळे हसले. मला माझ्याच विनोदाचं फार कौतुक असतं.

एके दिवशी मधल्या सुट्टीत सर पांढऱ्याफटक चेहऱ्यानं माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, पोरी दिसंनात!"

मी खडू हातात घेऊनच उठले. "कुठल्या पोरी?"

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. खाली थोरल्या मळ्यातून आमच्या शाळेत येणाऱ्या सहा मुलींची नावं होती. प्रत्येकीच्या नावावर ती घरी पोचल्याच्या वेळेचा खांब हवा होता. खांब नव्हतेच. नुसती एक हिरवी तुटक रेष वरच्या वर चालली होती. ती रेष म्हणजे प्रत्येकीच्या वाटेवरच्या उसाची उंची, फुटांत. ऊस दहा-दहा फूट, आणि संगणक वेळ दिवसाच्या भागात मोजतो, त्याच्या लेखी संध्याकाळचे साडेसहा म्हणजे एकाहूनही लहान अपूर्णांक. उसाच्या मापानं पोरी जमिनीला चिकटल्या होत्या.

"उसाला दुसऱ्या अक्षावर टाका की," मी म्हणाले. इतक्या वर्षांत एवढं माझ्याही डोक्यात बसलं होतं.

"हां!" म्हणत त्यांनी लगेच ते केलं. डावीकडचा अक्ष संध्याकाळी पाचला सुरू केला, सातला संपवला. सहा निळे खांब उभे राहिले. मग त्यांनी आडवी केशरी रेष टाकली. ती सूर्यास्ताची. सगळे सहाच्या सहा खांब त्या रेषेच्या वर गेले होते. शेवटचा वैष्णवीचा, रेषेच्या वर चाळीस मिनिटं.

माझं हसू मावळलं. आधल्या आठवड्यात थोरल्या मळ्यातल्या एका गोठ्यातून वाघानं वासरू नेलं होतं. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. फाट्यापासून वस्तीपर्यंतची वाट दोन्ही बाजूंनी उसातून जाते.

"पावणेपाचला एक गाडी आहे मॅडम. शाळा हिवाळ्यापुरती अर्धा तास आधी भरवली आणि साडेचारला सोडली, तर पोरी उजेडात घरी जातील. मी तीनदा बोललो. हेडसर म्हणतात, बघू. बघू बघूत काही झालं म्हणजे?"

शाळा समितीच्या बैठकीत आलेख मांडायचा ठरला. त्या दिवशी प्रिंटरनं दगा दिला. सगळं काळं-पांढरं आलं आणि सूर्यास्ताची रेष करड्या खांबांत बुडाली. सर घामाघूम झाले. मग पट्टी घेऊन त्यांनी अकराच्या अकरा प्रतींवर केशरी स्केचपेननं सूर्यास्त ओढला. दोन प्रतींवर तो जरा तिरका झाला, त्याबद्दल बैठकीच्या सुरुवातीलाच माफी मागितली.

समितीचे अध्यक्ष आण्णा चष्मा वर करून कागद न्याहाळत होते. "सर, सहा चौदा, सहा एकवीस, सहा अडतीस. येवढं मिनिटावर कुणी सांगितलं तुमाला?"

"अंदाजे," सर पुटपुटले. जन्मात ज्या माणसानं अंदाजे हा शब्द वापरला नाही, तो खाली मान घालून अंदाजे म्हणाला.

मागच्या बाकावर वैष्णवीची आजी बसली होती. ती उठली. "अंदाजे कशापायी? रोज दारापत्तूर येत्यात की सर. पोरी पुढं, ह्ये मागं. पोरींना पाढे म्हणाया लावत्यात, लई मोठ्यांदी. एकोणतिसाच्या पाढ्याला वाघबी फिरकत न्हाई!"

सगळे हसले. आण्णा हसले नाहीत. "मंग तुमी माघारी कसं येता?"

"येतो की," सर म्हणाले आणि कागदांची चळत सरळ करत बसले.

आण्णांनी हेडसरांकडे पाहिलं. "सोमवारपासनं साडेचारला सोडा. आनि तवर पोरींना गाडीनं सोडायचं माझ्याकडं लागलं."

ठरावाला आलेख जोडायचं काम माझ्याकडे आलं. सरांनी फाईल पाठवली. मी ती उघडली, तर डावीकडच्या क्रमांकांत सातनंतर एकदम नऊ. आठवी ओळ लपवलेली होती. लपवलेली ओळ आलेखात येत नाही, हेही सरांनीच मला कधीतरी शिकवलेलं. मी ती उघडली. बाजूचा आलेख हलला, सहा खांबांशेजारी सातवा उभा राहिला आणि सातची मर्यादा न जुमानता चौकटीच्या वरच्या कडेला टेकला.

नाव होतं "स्वतः". वेळ सात पन्नास. शेऱ्यावरून वाट कळली: पोरींना दारात पोचवून त्याच उसातून एकटे फाट्यापर्यंत चालत, आणि तिथून भाजीचा जो पिकअप थांबेल त्यानं ओतूर.

त्याच्याही पुढे आलेखात न घेतलेला एक रकाना होता. मथळा, "दारात कोण". मी वाचत खाली गेले. आई. चुलती. आई. आजोबा. आई. आजी. आणि आठव्या ओळीत, कुलूप.

मला सोयरिकीचा विनोद आठवला आणि स्वतःची लाज वाटली. मी ओळ पुन्हा लपवली आणि फाईल जोडून टाकली.

सोमवारी पोरी पावणेपाचच्या गाडीनं गेल्या. सर स्टाफरूमच्या खिडकीशी उभे होते. संध्याकाळचं काय करायचं, हे त्यांना कळत नव्हतं.

"सर, आज आमच्याकडे जेवायला या," मी म्हणाले.

"उगाच तुम्हाला त्रास." मग म्हणाले, "किती वाजता?"

"सात."

"सात पाच झाले तर?"

"चालतील."

घरी गेल्यावर आमच्या ह्यांना मी साडेसहापासून दारात उभं केलं. ते म्हणाले, अगं, अजून अर्धा तास आहे. पण मलाच राहवेना. भाकरीचं पीठ तसंच टाकून मीही दारात जाऊन उभी राहिले.