पाष्ट्यांची डबल बेल

पळताना शिवराम पाष्टे खांद्याला कंडक्टरची चामडी पिशवी अडकवतात, आणि तिच्या पट्ट्यावर सायकलची घंटा बसवलेली असते. एकदा वाजली की थांबायचे, दोनदा वाजली की निघायचे. एसटीने त्यांना निवृत्त केले त्याला सहा वर्षे झाली. त्यांच्या अंगठ्याला मात्र ही बातमी अद्याप कळलेली नाही.

मी संस्कृतचा निवृत्त शिक्षक. डॉक्टरांच्या आग्रहामुळे, आणि कोणी पाहत नाही याची खात्री करून, अठ्ठावन्नाव्या वर्षी मी भाट्याच्या किनाऱ्यावर पळू लागलो. तिसऱ्याच दिवशी मागून घंटा वाजली.

"ओ सर, पुढे सरका! पुढे जागा हाय!"

पुढे अख्खा किनारा मोकळा होता. मी निमूटपणे सरकलो.

तेव्हापासून दर रविवारी पहाटे साडेपाचला माझ्या फाटकाशी एक घंटा वाजू लागली. पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढू लागलो की पाष्टे म्हणत, "घाट लागला, सर. पहिला गिअर टाका." मला दुसरा गिअरच नाही, हे सांगण्याचे धैर्य मला कधी झाले नाही. वर सड्यावर, कातळाच्या मोकळ्या पठारावर, पोहोचलो की पुकारा होई : "सडा स्टॉप! गाडी दोन मिनिटं थांबेल!" मग पिशवीतून तिकिटांच्या ऐवजी खजूर निघत. तेही मोजून, प्रत्येकी दोन.

त्यांच्या पुढच्या खोलीत देवांच्या तसबिरीशेजारी एक रिकामा खिळा आहे. डोंगरवाटांवरच्या पन्नास किलोमीटरच्या शर्यतीचे पदक तिथे लागायचे होते. पदक फक्त वेळेत पोहोचणाऱ्याला मिळते, आणि पाष्टे मागची दोन्ही वर्षे उशिरा पोहोचले होते.

"यंदा तिसरी खेप," त्यांनी मला बजावले. "नाय झालं तर खिळा उपटणार नि पळणं बंद."

त्या वर्षी मीही नाव दिले. कसे दिले, ते मलाही नीटसे उमगलेले नाही.

शर्यतीच्या दिवशी दुपारी तीन वाजता वेळ संपणार होती. अडीच वाजता आम्ही शेवटच्या सड्यावर होतो. उतारावरचे चारच किलोमीटर उरले होते. तिथे माझ्या पोटरीत असा गोळा आला की मी तापलेल्या कातळावरच बसकण मारली. घंटा वाजली. एकदाच.

"पाष्टे, आपण निघा," मी म्हणालो. "कृपा करून निघा."

"पॅसेंजर खाली राहिलाय नि मी डबल बेल दिलीय, असं कधी झालेलं नाय." ते माझी पोटरी चोळू लागले.

"अहो, पण आपलं पदक!"

"गाडी लेट झाली तर कंट्रोलर बोलेल. मी घेईन ऐकून. तुम्ही पाय सोडा."

आम्ही पोहोचलो तेव्हा तीन वाजून अठरा मिनिटे झाली होती आणि शर्यतीची कमान उतरवणे चालू होते. "शेवटचा स्टॉप! उतरून घ्या!" पाष्ट्यांनी रीतसर पुकारले. मला एकाएकी शंका आली.

"मागच्या दोन वर्षीही...?"

"एकदा एका बाईंना चक्कर आली होती. एकदा एकाचा बूट फाटला," ते हसले. "आणि लवकर पोचून तरी करायचं काय, सर? घराला कुलूपच असतं."

पुढच्या रविवारी साडेपाचला घंटा वाजली नाही. पावणेसहालाही नाही. न बोलावता कोणाच्या दारी जाण्याची मला सवय नाही, तरी गेलो.

दार उघडे होते. खिळा अजून भिंतीतच होता. पाष्टे पायरीवर बसले होते. बुटांच्या नाड्या बांधलेल्या, पिशवी खांद्याला.

"तब्येत बरी नाही का?"

"तब्येतीला काय झालंय?" ते खाली पाहत म्हणाले. "नेहमी मीच घंटा देतो. म्हटलं, आज बघू, आपल्या स्टॉपवर कोण गाडी थांबवतंय का."

माझ्याजवळ घंटा नव्हती. समोरून दूधवाला टक लावून पाहत होता. तरीही मी, जमेल तेवढ्या मोठ्याने, तोंडानेच म्हटले, "टिंग टिंग!"