बाबांच्या नावावर चाललेलं सगळं

मुलाखतीला दहा मिनिटं उरलेली असताना दीडशहाण्याने ठरवलं, बाबांचं काम जरा वेळ थांबवायचं. फार नाही, तासभर. (दीडशहाणा हे नाव बाबांचंच. कॉलेज दीड वर्षात सोडल्यावर मिळालेली ती एकमेव पदवी.)

घरातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर सहा दिवसांपासून बाबांच्या निरोप समारंभाची जुनी टेप उतरवली जात होती. चार तासांची टेप, त्यात पावणेतीन तास बाबाच बोलतात. ऑफिसातले लोक अर्ध्या तासात पांगले, कॅमेरावाला तेवढा सापडला.

"चौऱ्याण्णव टक्के झालंय," बाबांनी बजावलं. "धक्का लावू नकोस."

"बाबा, मला कॉम्प्युटर सांभाळायच्या नोकरीची मुलाखत आहे, याच पडद्यावर! मशीन जागचं हलत नाही."

"आमच्या वेळी मशीनच नव्हतं. लागल्याच ना नोकऱ्या?"

"तुमच्या वेळी नोकऱ्या होत्या!"

"हळू बोला रे दोघं," आतून आई म्हणाली. "चौऱ्याण्णवचे त्र्याण्णव व्हायचे."

मुलाखत सुरू झाली आणि प्रश्न विचारणारे साहेब तोंड उघडं ठेवून पडद्यावर गोठले. "तुमचा... वाज... टतोय..."

दीडशहाण्याने कमांड द्यायची काळी खिडकी उघडली आणि मशीनवर काय काय चालू आहे त्याची, म्हणजे चालू प्रोसेसची, यादी मागवली. तीन वर्षांपूर्वी विकलेल्या प्रिंटरची वाट बघणारा एक प्रोग्रॅम. अर्ध्यावर सोडलेला बुद्धिबळाचा डाव. घरातल्या मोठ्या माणसांसारखंच सगळं: काम शून्य, पण जागा सोडायची नाही. सगळ्यात वर बाबांची टेप.

आधी त्याने तिला सभ्यपणे थांबायला सांगितलं. ऐकलं नाही. (वळणच तसं.) मग विचारत न बसता बंद करणारी कमांड दिली. बंद! आणि लगेच नव्या नंबराने पुन्हा हजर, शून्य टक्क्यांपासून. काकांनी, कुणी विचारलेलं नसताना, 'वीज गेली तर?' म्हणून टेपेवर पहारेकरी प्रोग्रॅम बसवला होता. टेप बंद पडली की तो ती पुन्हा उठवायचा.

याने मारावी, त्याने उठवावी. पाच वेळा.

"आप... हात... का?" साहेब विचारत होते.

दीडशहाण्याचं डोकं फिरलं. बाबांच्या नावावर जे जे चालू असेल ते सगळं, एकदम, न विचारता बंद! एंटर.

मशीनचा पंखा शांत झाला. टेप गेली, पहारेकरी गेला, बुद्धिबळ गेलं. साहेबही गेले. या मशीनवर दीडशहाण्याचं वेगळं खातंच नव्हतं, त्याची मुलाखतही बाबांच्याच नावावर चालली होती. पडद्यावर उरलं बाबांचं नाव आणि पासवर्डची रिकामी चौकट. आवाज बंद झालेला बघून बाबा दारात येऊन उभे राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. घाईत स्पीकरच दाबला गेला.

"लाइन तुटली वाटतं," साहेब म्हणाले. "असू दे. शेवटचा प्रश्न. चालू प्रोसेस बंद करण्याआधी तुम्ही काय बघाल?"

दीडशहाण्याने पासवर्डच्या चौकटीकडे बघितलं. "ती कुणाच्या नावावर आहे ते, सर. आणि... त्याच नावावर आपणही चालत नाही ना, ते."

"वा! हे पाठ केलेलं उत्तर नाही. या कामाचा अनुभव किती?"

त्याने तोंड उघडलं, पण बाबा फोनवर वाकले होते.

"चार मिनिटं," ते म्हणाले.